पारख्याची वही

हार्लन टगलला अलाबामातल्या कॉलेजांचे सगळे ट्रेनर, सगळे झाडूवाले आणि खानावळीतल्या सगळ्या बायका नावानं ओळखत. पस्तीस वर्षं त्याचं एकच काम. गाडीतून गावोगाव हिंडायचं, कॉलेजात अमेरिकी पद्धतीचा, हातात चेंडू घेऊन खेळायचा फुटबॉल खेळणारी पोरं बघायची आणि त्यातलं कोण मोठ्या क्लबात टिकेल ते आपल्या क्लबाला लिहून कळवायचं. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. क्लब आळीपाळीनं पोरं निवडतात. नाव पुकारलं गेलं तर पोराच्या जन्माचं सोनं, नाही तर गावाकडे ट्रकांचे टायर बदलायला मोकळा. म्हणून हार्लनच्या एकेका ओळीला वजन होतं. ते त्याला ठाऊक होतं, जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची एक रीत होती. पोरगं कितीही पळो, कितीही लांब फेको, तो त्याला फळ्यापाशी नेणारच. फळ्यावर एक चाल काढून समजवायचा, फळा पुसायचा, मग वीस मिनिटं भलत्याच गप्पा. आई काय करते, घरी कुत्रं आहे का. आणि मग एकदम मार्कर पुढे करायचा, "आता तीच चाल काढ बघू." ज्याला जमली नाही त्याच्या नावावर फुली. "पाय देव देतो, डोकं मी तपासतो," असं तो चारचौघांत सांगायचा. दर वेळी, त्याच शब्दांत.

मार्चच्या मध्यावर तो टेविन पेटवेला बघायला गेला. टेविन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं तो गडी. उंची साडेसहा फुटांना जरा कमी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पोरगा नुसता शर्यतीत पळत होता, त्यामुळं कच्चा, पार कच्चा. साठ यार्डांवरच्या भिडूच्या ओंजळीत चेंडू टाकायचा आणि दहा यार्डांवरच्या भिडूच्या मात्र पायात. पण पळायला लागला तेव्हा कडेला उकडलेल्या शेंगा सोलत बसलेल्या निरनिराळ्या क्लबांच्या सहाही पारख्यांची तोंडं चालायची थांबली. एकानं आपलं घड्याळ हलवून पाहिलं.

सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच होता. अंग तर आहे, डोकं आहे का? शिकवलं तर शिकेल का?

जेवणानंतर हार्लननं त्याला वर्गात नेलं. दाराशी टेविनचे कोच ओडम उभे. हार्लननं 'पेलिकन' नावाची चाल काढली, उंच भिडू कुठं उभा राहील, कुठून आत वळेल ते सांगितलं. ओडमनी सवयीनं फळ्याचा फोटो काढून घेतला. फळा पुसला. गप्पा झाल्या. टेविनची आई शाळेची बस चालवत होती. कुत्रं नव्हतं, दोन बकऱ्या होत्या.

"हं, काढ आता," हार्लन म्हणाला.

टेविननं झरझर काढली. उंच भिडू डावीकडे.

"डावीकडे? पोरा, मी उजवीकडे दाखवला होता."

मार्कर हवेत राहिला. टेविननं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा हार्लनकडे. दारात ओडम खाकरले.

"होय सर," टेविन म्हणाला. त्यानं भिडू पुसला आणि उजवीकडे काढला.

हार्लननं अहवालात लिहिलं, 'शिकवलेलं वीस मिनिटंही राहत नाही.' वर गाडीकडे जाताना बाकीच्या पारख्यांना न विचारता सांगितलंही, "फळ्यापाशी पार ढेपाळला रे." ही बातमी कुठवर जाईल हे त्याला कळत नव्हतं असं नाही. जिभेला हाड नसतं, एवढंच.

दोन आठवड्यांनी, रविवारी, चर्चहून आल्यावर तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कुणाचा तरी नंबर शोधत वही चाळत होता. मध्येच ते पान आलं. त्या दिवशी आत जाण्यापूर्वी गाडीत बसून त्यानं ती चाल वहीत काढली होती. खाली तारीख, टेविनचं नाव. उंच भिडू डावीकडे.

चूक आपलीच, हे त्याला तिथंच कळलं. एकोणीस वर्षं ज्या क्लबात काढली तिथं 'पेलिकन' डावीकडून असे. तिथून नारळ मिळाल्यावर या नव्या क्लबात आला, इथं त्याच नावाची चाल उजवीकडून. हातानं जुनी शिकवली होती आणि तोंडानं नवी मागितली होती. वही मांडीवरच होती, पण ती उघडून बघणं त्याला कमीपणाचं वाटलं होतं. पस्तीस वर्षांचा पारखी वही बघतो होय!

"भाजलेली बिस्किटं गार होतायत," त्याची बायको व्हर्लिन म्हणाली. "तोंड का असं? कुणी गेलं का?"

"नाही गं. पित्त झालंय."

"अजून घास नाही खाल्लास, आणि पित्त?"

त्यानं वही मिटली. आपला साहेब ब्रॉडी याला तेव्हाच फोन करायला हवा होता. पण ब्रॉडी चौतिशीचा, आणि त्यानंच जानेवारीत हसत हसत विचारलं होतं, "काय हार्लन, नावं विसरायला होतात का हल्ली?" पारख्यांचे करार मे महिन्यात संपतात. हार्लननं तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. अहवालात चाळीस ओळी आहेत, त्यातली ही एक. बाकीचे लोक स्वतः बघतीलच की. स्वतःची चूक झाकायची म्हटलं की माणसाला कसं भराभर सुचतं! रात्रंदिवस लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणजे आपण अजून चांगले आहोत असं समजून तो तेवढ्यावर भागवत होता.

ड्राफ्टच्या आधी क्लबात, ब्रॉडीच्या खोलीत, बैठक झाली. भिंतीवर प्रत्येक पोराच्या नावाची लोखंडाला चिकटणारी पट्टी. ब्रॉडीनं नेमकी तीच ओळ मोठ्यानं वाचली.

"हे तू स्वतः बघितलंस, हार्लन?"

"स्वतः," हार्लन म्हणाला, आणि पुढे तोंडात मिठाची गुळणी धरली.

ब्रॉडीनं टेविनची पट्टी उचलून अगदी तळाला लावली.

तीन दिवस, सात फेऱ्या. टेविन पेटवेचं नाव कुणीच पुकारलं नाही. शेवटची फेरी संपली की पारख्यांनी आपापल्या भागातल्या राहिलेल्या पोरांना फोन करायचे, ही जुनी पद्धत. ब्रॉडीनं यादी हातात दिली. "पेटवे तुझा. तीन दिवसांच्या चाचणीला ये म्हणावं. वचन कसलंच देऊ नकोस."

टेविननं फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. ड्राफ्ट बघायला जमलेली माणसं परतत असावीत, कोणीतरी बाई म्हणत होती, "मासे तरी घेऊन जा गं, एवढे कोण खाणार?"

हार्लननं चाचणीचं सांगितलं. टेविन म्हणाला, "होय सर. थँक यू सर."

ते 'थँक यू' हार्लनला सोसलं नाही. "टेविन, त्या दिवशी फळ्यापाशी तू बरोबर होतास. चूक माझी होती."

"माहीत आहे, सर. फोटो आहे ना कोचकडे."

"मग बोलला का नाहीस, बाळा?"

"मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू नये, असं आईनं शिकवलंय. कोच म्हणत होते, फोटो तुमच्या क्लबाला पाठवू. मी म्हटलं, थांबा. सरांच्या मांडीवर वही होती. ते बघतील आणि स्वतःच सांगतील." तो जरा थांबला. "आई पण रोज विचारायची, आला का फोन."

हार्लननं खिशातून वही काढली.

"चाचणीला किती वाजता यायचं, सर?"

हार्लननं वेळ सांगितली. मग वही घेऊन ब्रॉडीच्या खोलीत गेला आणि ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. काय झालं ते सांगितलं. ब्रॉडीनं चाल बघितली, तारीख बघितली, भिंतीवरच्या तळाच्या पट्टीकडे बघितलं.

"हे तुला कळलं कधी?"

आज कळलं म्हणायला एवढीशी जीभ हलवायची होती. हार्लननं मान खाली घातली.

"ड्राफ्टच्या चार आठवडे आधी," तो म्हणाला.