बशीभर चहा

आमच्या गावात चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. मी अंगणवाडीत लागले तेव्हापासून घरोघरी हिंडते आहे, आणि एवढ्या वर्षांत माझा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं विचाराल तर मी चहाचं नाव घेईन. कुपोषण, अज्ञान वगैरे शब्द भाषणाला बरे. माझं रोजचं भांडण चुलीवरच्या त्या काळ्या पातेल्याशी आहे.

गाव भोर तालुक्यातलं, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. म्हशी आहेत, दूध आहे, पण ते सकाळ-संध्याकाळ किटलीतून डेअरीला जातं. पोरांच्या वाट्याला कोरा चहा. कुणी पाहुणा चहा प्यायला बसला की घरातलं लहान पोर त्याच्या गुडघ्याला येऊन टेकतं. मग पाहुण्याने कपातला घोटभर चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची आणि त्याला पाजायचा, ही रीत. न पाजणारा माणूस काळजाचा कोरडा. माझं माहेर वेल्ह्याकडचं, तिथंही हेच चालतं.

अंगणवाडीच्या पलीकडच्या घरात एक मुलगी होती, तिसरं सरत आलेलं, पाठीवर एक तान्हा भाऊ. बोलायला मैना. अख्ख्या आळीची लाडकी. तिला माती खायची सवय लागली. चुलीच्या मातीचा पोपडा नखाने काढायची आणि गुपचूप तोंडात टाकायची. आई हातावर चापट मारायची, ती रडायची, पुन्हा खायची. हळूहळू तिचं खेळणंही थांबलं. बाकीची पोरं अंगणात धिंगाणा घालत आणि ही भिंतीला टेकून बसे. एकदा मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावालाही नव्हती, तांदळाच्या भाकरीसारखा पांढरा रंग.

आई घाबरली. म्हणाली, "माती खाती म्हणून रगात कमी झालं व्हय, बाई?"

"उलट आहे. रक्त कमी झालंय म्हणून माती खाते."

उपकेंद्राच्या नर्सबाईंनी बोटाला टोचून रक्त पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. औषध दिलं, वर सांगितलं की पुन्हा तपासायला आणा, वाढलं नाही तर भोर गाठावं लागेल. लोहाचं औषध मी अंगणवाडीत स्वतःच्या हाताने पाजत होते, वर लिंबाची फोड चोखायला देत होते. नाचणी, पालेभाजी, अंडं, सगळं आईला समजावलं. आणि चहा बंद, अगदी बंद. औषधातलं, भाजीतलं लोह चहा पोटातच अडवतो, अंगी लागू देत नाही, हे मी तिला तिच्याच चुलीपुढे बसून सांगितलं.

ती बाई शब्दाची पक्की निघाली. सासू कुरकुरली तरी तिने घरात पोरीला चहाचा थेंब दिला नाही. मला केवढं कौतुक वाटलं! मातांच्या बैठकीत मी सगळ्यांदेखत तिला शाबासकी दिली. एवढ्या वर्षांत कुणीतरी माझं ऐकलं होतं.

पुन्हा बोटाला टोचलं, तर रक्त वाढायचं सोडून आणखी उतरलेलं.

"लेकराची आण घेते, बाई," ती रडवेली होऊन म्हणाली, "घरात थेंब पाजला न्हाई."

माझा तिच्यावर विश्वास होता. म्हणून एका दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मी त्या पोरीच्या मागोमाग चालत गेले. पावलं जड पडत होती तिची, मधे मधे ती खाली बसत होती. पहिल्या उंबऱ्याशी थांबली, तर आतून हाक आली, "ये माझी बाय." आणि बशी आली. पुढच्या घरीही बशी, त्याच्या पुढच्या घरीही. आईने चहा तोडलाय हे आळीभर झालेलं होतं, आणि आळीला पोरीची दया आली होती. पूर्वी जी घरं कधीमधी द्यायची, ती आता आठवणीने द्यायला लागली होती. भरीला साखर जास्त.

मी घरोघरी भांडायला गेले. असा संताप मला क्वचितच आला असेल. एका म्हातारीने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी काय इख पाजतोय का पोरीला? माया हाय, बाई. आन तुमी उन्हाच्या आलाय, आदी च्या घ्या, मग भांडा." माझ्यापुढे कप ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी चहा न घेता उठले, तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं की बाईला लई गर्व झालाय. मायेशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आजही येत नाही.

भातकापणीच्या दिवसांत पोरीला ताप आला आणि धाप लागली. चार पावलं चालली तरी छाती भात्यासारखी हलायची. आई आणि मी तिला जीपने भोरला नेलं, तिथून पुण्याला पाठवलं. रक्त चढवावं लागलं. बाटलीतून ते थेंब थेंब उतरताना मी बघत होते आणि मनात एकच घोकत होते, निदान आता तरी गाव घाबरेल.

पोरगी परत आली तेव्हा ओठांवर रंग होता. अख्खी आळी तिला बघायला लोटली. कुणी नारळ आणला, कुणी अंडी आणली. त्याच म्हातारीने तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. घर माणसांनी भरलं म्हटल्यावर सासूने मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

कप फिरले. कुणीतरी सवयीने बशी पुढे केली, तर पोरगी मान हलवून म्हणाली, "मला न्हाई प्यायचा. बाई रागवत्यात." सगळे हसले. मला मात्र वाटलं, जिंकले. माणसं नाही तर नाही, हे एवढंसं लेकरू तरी शिकलं.

तिने ती बशी दोन्ही हातांनी धरली. न सांडता, हळूहळू जाऊन भिंतीशी बसलेल्या आपल्या भावासमोर बसली. वर्षाचाही नव्हता तो अजून. तिने गाल फुगवून बशीवर फुंकर घातली, पुन्हा घातली, आणि त्याच्या ओठांना लावली. त्याने चुटूचुटू पिऊन टाकला.

"बघा, केवढी माया हाय भावावर!" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंतर मी बोलले, आईशी, सासूशी, आळीशी, पूर्वीसारखीच. त्यांनीही पूर्वीसारखंच ऐकून घेतलं.

परवा त्या घरी गेले होते. पोरगी दारात खेळत होती. भाऊ आत चुलीपाशी बसला होता, नखाने पोपडा काढत.