ओटीतले चार दाणे

"अगं आई, अहो आई गेल्या..."

मुग्धाचा कॅनडातून फोन आला तेव्हा सकाळचा चहा गॅसवर होता. 'अगं आई' म्हणजे मी आणि 'अहो आई' म्हणजे तिच्या सासूबाई, ही वाटणी तिनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच करून टाकली होती. घटस्फोटाला सहा वर्षं झाली तरी ती वाटणी तशीच शाबूत होती, हे मला त्या फोनवर कळलं. "कोण अहो आई?" मी विचारलं. असं विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं खरं. तिकडं ती रडत होती. "झोपेतच गेल्या गं. परवाच्या रविवारी बोलले तेव्हा नेहमीसारख्या होत्या..." म्हणजे दर रविवारी बोलणं होत होतं, आणि मला पत्ता नव्हता. चहा उतू जाऊन गॅस विझला, तेही मला वासावरून कळलं.

वत्सलाबाई लासूर स्टेशनच्या. गावात घर, दोन मैलांवर शेत, शेतात गहू, मका, कांदा. सहीपुरतं शिक्षण, पण दाणा दाताखाली धरला की त्यात ओल किती ते अचूक सांगायच्या. मी औरंगाबादेतली. शहराचं नाव बदललं तरी जिभेवर अजून जुनंच येतं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या त्या जमान्यात पलीकडचं 'हॅलो' ऐकलं की त्या घरात बारसं आहे की मयत, हे मी सांगायची. आवाजावरून माणूस ओळखण्याचा मला गर्व होता. तो का सांगतेय, ते पुढं कळेलच.

पोरांचं लग्न ठरलं तेव्हा मी जरा नाक मुरडलं होतं. मुलगा अभिजित इंजिनिअर, मुग्धाही इंजिनिअर, सगळं खरं. पण सासू येता-जाता मला, विहिणीला, 'ईनबाई, ईनबाई' करत कमरेला हात लावून मोठ्यानं हसणारी. मग लग्नाच्या दिवशी विहिणींच्या मानाची वेळ आली. माझे मिस्टर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. रीत माहीत असल्यामुळं मी आपणहून खांबाआड जाऊन उभी राहिले होते. वत्सलाबाईंनी सगळ्या मांडवादेखत माझा हात धरून मला पुढं ओढलं. "आमची ईन मागं काहून? पोरगी काय खांबानं दिली का आमाला?" मांडव हसला. मीही हसले. त्या दिवसापासून मी त्या बाईची झाले, असं म्हणायला हरकत नाही. म्हणून तर नंतरचं इतकं लागलं.

लग्नाला चार वर्षं झाली आणि पोरांनी आम्हां दोघींना कॅलगरीला बोलावलं. वत्सलाबाई महिनाभर आधी गेल्या होत्या. व्याह्यांना शेत आणि जनावरं सोडवेनात, म्हणून एकट्याच. मी पोचले तेव्हा त्या विमानतळावर नऊवारीवर अभिजितचं जाड जाकीट आणि पायात पांढरे बूट घालून उभ्या होत्या. मला पाहून नेहमीसारख्या हसल्या. बरोबर नेहमीसारख्या. मी आजही तो आवाज आठवून आठवून तपासते. त्यात काहीही सापडत नाही.

जुलैत अभिजितनं पाच दिवसांची सुट्टी काढली आणि आम्हां तिघींना घेऊन गाडी पूर्वेला सोडली. कॅलगरीहून रेजायनापर्यंत आणि परत. डोंगर मागं पडले, आणि मग काहीच नाही. म्हणजे होतं सगळं, पण सपाट. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना मोहरीसारखं पिवळंधमक पीक, त्यावर नुसतं आभाळ. गाडीच्या काचेवर किडे आपटून आपटून पिवळे ठिपके पडलेले. तासातासानं एखादी मालगाडी दिसायची, तिचे डबे मोजता मोजता आम्ही थकायचो. वत्सलाबाई खिडकीला नाक लावून बसलेल्या. "एवढी जमीन अन् माणूस दिसंना. इथं माणसं पेरत नाय का वं?" एका ठिकाणी निळं शेत लागलं, तळं असावं तसं. त्या एकदम ओरडल्या, "अभ्या, थांबव! जवस हाय!" खरंच जवस होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या दहा मिनिटं ती निळी फुलं बघत होत्या, आणि मला जवसाची चटणी कशी करायची ते सांगत होत्या. मला ती येत होती, तरी मी ऐकत होते. बिळाबाहेर खारीएवढे प्राणी दोन पायांवर उभे राहून आमच्याकडं टकामका पाहायचे; त्यांना त्यांनी 'पाटील' असं नाव ठेवलं होतं. इतकी मी मिस्टर गेल्यावर कधी हसले नव्हते. हे लिहितानाही राग येतोय, पण खरं ते खरं.

पुढच्या सीटवर पोरं गप्प असायची. अभिजित गाडी चालवायचा, मुग्धा फोनवर रस्ता बघायची. 'डावीकडे घे', 'पेट्रोल भरूया', एवढंच. मला वाटायचं, मुरलेला संसार आहे, बोलायची गरज उरत नाही. मुक्कामाला दोन खोल्या असायच्या, पहिल्याच दिवशी मुग्धा म्हणाली, "मी तुम्हां दोघींजवळ झोपते." मला वाटलं, आईची माया. मधल्या पलंगावर ती, अल्याडपल्याड आम्ही. लाइन जोडलेली आहे की तुटलेली, हे दोन सेकंदांत ओळखणारी मी, पाच दिवस त्या गाडीत बसून होते. आता हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही.

तरी मनात कुठंतरी किंचित खुट्ट झालं असावं. कारण चौथ्या दिवशी मी सरळ विचारलं. एका चिमुकल्या गावात पेट्रोलला थांबलो होतो. रुळाकडेला धान्य साठवायचा उंच लाकडी मनोरा होता, त्यावर गावाचं नाव रंगवलेलं. वत्सलाबाई मान मोडेस्तोवर वर बघत म्हणाल्या, "माय माय, केवढी ही कणगी!" खाली ट्रकमधून सांडलेल्या गव्हाची रास पडली होती, कुणाचं लक्षही नव्हतं. त्या तिथंच फतकल मारून बसल्या आणि गहू पदरात घ्यायला लागल्या. "अन्न हाय, असं पडू द्यावं का?" पोरं लांब कॉफीच्या रांगेत उभी होती, दोघांमध्ये हातभर अंतर. मी वत्सलाबाईंजवळ बसले आणि विचारलं, "ईनबाई, खरं सांगा. पोरांचं बरं चाललंय ना?"

त्यांच्या तोंडात गव्हाचा दाणा होता. तो त्यांनी चावला, गिळला, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "लई ब्येस चाललंय. तुम्ही कशाला घोर करता?"

मी विश्वास ठेवला. कुणावर ठेवायचा मग?

परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाटावर बसवलं. पाट कसला, चार पुठ्ठ्यांवर टॉवेल. तो गहू त्यांनी निवडून, धुऊन, गॅलरीत वाळवून ठेवला होता. ताटात गहू, नारळ, हिरवा खण. मी उठायला लागले. "अहो, माझी ओटी कुठं... मी अशी..." त्यांनी मला खांदा दाबून खाली बसवलं. "कुकू लावत नाय, बास? ही आईची ओटी हाय. तुम्ही माझ्या घरात पोरगी दिली, त्याची." पाच ओंजळी माझ्या पदरात पडल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्यात मी रीतच विसरले. आपल्याकडं ओटी भरून घेतली की त्यातले चार दाणे परत त्या ताटात टाकायचे असतात, म्हणजे देणाऱ्या घरी काहीतरी उरतं आणि येणं-जाणं राहतं. आठ वर्षांत कुणी माझी ओटी भरली नव्हती. हाताची सवय गेली होती. विमानतळावर एकदम आठवलं. गहू तर बॅगेत जाऊन बॅगही पुढं गेली होती. "अहो, दाणे परत द्यायचे राहिले की!"

"असू द्या," वत्सलाबाई म्हणाल्या. "पुढल्या बारीला आलात की द्या."

पुढली बारी नव्हतीच. हे त्या काचेच्या दारात उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं. फक्त मला नाही.

दोन महिन्यांनी मुग्धानं सांगितलं. आम्ही तिथं जायच्या आधीच त्यांचं वेगळं व्हायचं ठरलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, जमलं नाही एवढंच. माझं ब्लडप्रेशर, परक्या देशातला दवाखाना, म्हणून मला घरी परतल्यावर सांगायचं, असं तिनंच ठरवलं होतं. "आणि तुझ्या सासूबाई?" मी विचारलं. "त्यांना माहीत होतं गं. मीच त्यांना शपथ घातली होती." फोन ठेवला आणि तसाच लासूरला लावला. "तुम्हाला माहीत होतं?" पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "व्हय." पुढं काहीतरी बोलणार होत्या, श्वास घेतलेला मला ऐकू आला. एकतीस वर्षांत मी कुणाचा कॉल मध्येच तोडला नव्हता. तो तोडला.

लोक म्हणतात, मग लेकीवर का नाही चिडलात? चिडले की. पण लेकीवरचा राग धरून बसायला जागा नसते, तो ओघळून जातो. विहिणीवरचा धरता येतो. मी धरला, चांगला घट्ट. दर हिवाळ्यात लासूरहून शहरात नोकरीला येणाऱ्या एका बाईंच्या हाती जवसाच्या चटणीची बरणी यायची. मी ती न उघडता शेजारणीला द्यायची. शेजारीण चटणीचं कौतुक करायला लागली की माझं डोकं फिरायचं. बरणी मात्र धुऊन परत पाठवायची, रिकामी. पुढच्या वर्षी ती भरून यायची. असे सहा हिवाळे गेले.

आणि तो गहू? तो मी टाकला नाही. ओटीचं धान्य आपण स्वतः शिजवून खायचं असतं; ते खाल्लं असतं तर सगळं गोड मानून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवला, दर चैत्रात वर्षाच्या गव्हाबरोबर त्यालाही ऊन दाखवलं, कडुलिंबाचा पाला घातला. रागावलेल्या माणसानं इतकी निगा राखू नये, हे मलाही कळत होतं.

तेराव्याला मी लासूरला गेले. सकाळच्या गाडीनं, पिशवीत तो डबा घेऊन. ठरवलं होतं, सगळाच्या सगळा गहू परत करायचा. तुमचं तुम्हाला. उंबऱ्याशी अभिजित होता, डोकं भादरलेला, एकदम लहान दिसत होता. पाया पडला. मी काहीतरी आशीर्वाद पुटपुटले, कोणता ते आठवत नाही. बायका माझ्याकडं बघून एकमेकींना 'कोण?' असं विचारत होत्या. माझं तिथलं नातं काय, ते मलाही सांगता आलं नसतं. व्याही ओट्यावरून उठले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या ईनबाई."

जेवणावळ उरकल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "म्या तिला म्हणलो व्हतो, ईनबाईला सांगून टाकायचं व्हतं. शपथ गेली चुलीत. तर म्हणली, कशी सांगू? ती बाई खिडकीतनं बघून हसत व्हती... पाच दिस हसू दे म्हणलं."

हे ऐकून माझं मन निवळलं असतं तर हा लेख छान झाला असता. नाही निवळलं. मी मागितले होते का ते पाच दिवस? ते निळं शेत, ते दोन पायांवरचे पाटील, ती कणगी... आयुष्यातले माझे किती चांगले दिवस ते. पण आता त्यातला एकही मला एकटीला सापडत नाही. प्रत्येकात त्या तिघांना काहीतरी माहीत असतं आणि मी वेड्यासारखी हसत असते. हसू दिलं आणि हसण्याची आठवण काढून घेतली. हे मला वत्सलाबाईंना तोंडावर सांगायचं होतं. सहा वर्षं मी वाक्यं जुळवत होते. श्वास घेतलेला ऐकू आला होता, तिथूनच कॉल पुन्हा जोडायचा होता... आणि त्या झोपेत निघून गेल्या. पहिल्या दग्यात निदान लेकीची शपथ होती. या दुसऱ्याला काय म्हणू?

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं कुणी नव्हतं. कोपऱ्यात त्यांची गव्हाची पत्र्याची कोठी होती, झाकणावर पालथं घातलेलं माप. शेजारी फळीवर ती चटणीची बरणी, धुतलेली, मी पाठवलेली, तशीच. मी पिशवीतून डबा काढला. कोठीचं झाकण उघडलं. ओतायला म्हणून डबा तिरका केला, आणि हात थांबला.

चार दाणे काढले. मोजून चार. कोठीत टाकले. त्या ढिगात ते लगेच दिसेनासे झाले.

मी त्यांना माफ केलं, असं कुणी समजू नये. रीत राहिली होती, ती पुरी केली. डबा घरी परत आणलाय, माझ्या फळीवर जुन्या जागी ठेवलाय. चैत्र आला की ऊन दाखवीन.