पहिल्या दिवशीचे पेढे

शाळेचा फोन आला तेव्हा वडील मेंढरं घेऊन वेरूळच्या पलीकडच्या माळावर होते. डी.एड. करून मी घरीच बसले होते, आणि आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारं माझ्याआधी कुणी झालं नव्हतं. बजाजनगरातली साधी खाजगी शाळा, तिसरीचा वर्ग. "उद्यापासूनच या," एवढंच फोनवरच्या बाई म्हणाल्या. वर्ष अर्धं सरल्यावर मध्येच शिक्षक कशाला लागतो, हा प्रश्न मला पडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेजवळ ओळखीतून मिळालेल्या खोलीत माझं सामान टाकून वडील फाटकापर्यंत आले. बसस्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी पेढ्यांचा डबा घेतला होता. तो माझ्या हातात देत म्हणाले, "आधी समद्यांची तोंडं गोड कर, मंग शिकव." शाळेची इमारत त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहून घेतली आणि परतीची बस धरायला निघून गेले.

शिक्षकांच्या खोलीत मी डबा उघडून एकेकीपुढे धरला. पहिल्या बाईंनी डब्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या बाईंनी पेढा उचलला, पण खाल्ला नाही, हातातच धरून ठेवला. तिसऱ्या एकदम उठल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. "मला लई आनंद झालाय," असं मी मघाशी गावच्यासारखं बोलून गेले होते, त्यालाच त्या हसत असतील.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी आत बोलावलं.

"बसा. फोनवर तुम्हाला सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "राहिलं नाही. जमलं नाही."

तिसरीला ज्या मॅडम होत्या त्या गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर स्कूटीवरून घरी निघाल्या होत्या. चौकात ट्रकनं उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"मुलांना आम्ही सांगितलंय, मॅडम गावाला गेल्यात. स्नेहसंमेलन तोंडावर आलंय, तेवढं पार पडू द्या. मग मीच सांगेन. तुम्ही काही बोलू नका."

मी डब्याचं झाकण लावायला गेले तर ते बसेना. कुणाच्या तरी मरणावर मी पेढे वाटत फिरले होते, आणि ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.

वर्गात गेले. मुलं उठून उभी राहिली, एका सुरात नमस्कार झाला, खाली बसली. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती, गेल्या आठवड्यातली. तिच्याखाली वळणदार अक्षरात सुविचार. मी डस्टर उचललं मात्र, सगळ्या वर्गानं श्वास रोखून धरला.

"ते नका पुसू मॅडम," मधल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "खाली लिहा. जागा हाय."

मी खाली लिहिलं.

आता मुलं विचारणार, आमच्या मॅडम कधी येणार? मी मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. येतील हं, थोडे दिवस लागतील. ते उत्तर जिभेवर घेऊन मी बेरजा घातल्या, धडा वाचून घेतला. कुणीच काही विचारलं नाही. सांगेन ते मुकाट्यानं करत होती. तिसरीची लेकरं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. मला त्या शहाणपणाची भीतीच वाटायला लागली.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी मागं राहिली. दाराकडं एकदा बघून ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, तुम्हाला म्हायती हाय का?"

"काय गं?"

"आमच्या मॅडम वारल्या."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"माझ्या पप्पांनीच त्यांना रिक्षात घालून नेलं. मी सगळ्यांना सांगितलं. पण मोठ्या मॅडमला सांगू नका, आम्हाला कळलंय म्हणून."

"का?"

"त्या ऑफिसात रडत्यात. आमच्यासमोर हसत्यात. आम्हाला कळलंय हे समजलं तर आणखी रडतील."

सकाळचा धक्का या धक्क्यापुढं काहीच नव्हता. मोठ्यांनी मुलांपासून लपवलं होतं हे कळत होतं. पण आठ-आठ वर्षांची पोरं मोठ्यांना जपत होती! रोज शाळेत येत होती, गाण्याच्या तालमी करत होती, आणि एकानंही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

गुपित ठेवते, असं मी तिला म्हणाले नाही. सरळ मुख्याध्यापिकांकडे गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "सगळ्यांना?" एवढंच त्यांनी विचारलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तशी चष्मा टेबलावर ठेवून माझ्या पुढं चालत वर्गात गेल्या आणि मुलांमध्ये फरशीवरच बसल्या.

"मी तुमच्याशी खोटं बोलले रे," त्या म्हणाल्या.

मग मात्र वर्ग फुटला. हुंदक्यांनी भिंती हलतील असं वाटलं. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या. मी एका पोराला पोटाशी धरलं होतं, दुसरं माझ्या ओढणीला नाक पुसत होतं. ज्या बाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं त्यांच्यासाठी मीही रडत होते.

शांत व्हायला बराच वेळ लागला. मग त्या वेण्यावाल्या मुलीनं सगळ्यांसमोर मला प्रश्न विचारला.

"मॅडम, तुम्ही शाळेत कशावर येणार रोज?"

"पायी. इथं जवळच खोली घेतलीय."

"मंग कडेकडेनं या," ती म्हणाली. पाठीमागून दोघा-तिघांनी तेच म्हटलं. मी मान हलवली आणि तोंड फिरवून हजेरी घ्यायला लागले.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. मागं मेंढरांचा कालवा चालला होता, म्हणून ते ओरडून बोलत होते.

"कशी हायेत लेकरं?"

"चांगली हायेत, दादा."

"शाळेतली मानसं?"

"ती बी चांगली हायेत."

"मंग झालं तर," ते खुशीत म्हणाले. त्यापुढं काही सांगणं मला जमलं नाही.