भामरे सरांचे एकवीस धडे

आधी अक्कांचं नाव घेते. मंगलाक्का भामरे, देवपूर, धुळे. लेख त्यांच्या यजमानांवर, म्हणजे भामरे सरांवर आहे, हे मला ठाऊक आहे. पण अक्कांचं नाव अगोदर लिहिलं नाही, तर पुढचं काहीच माझ्या हातून खरं उतरणार नाही. अक्कांनी मला एकदा पाठीशी घातलं. त्याची किंमत त्यांनी मोजली, मी नाही.

आता झालं ते सांगते. भामरे सर गेले, त्याला सहा आठवडे झाले. मी इथे सुरतेला कापडबाजाराजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असते. कोणत्या गाडीतून कुणाचा माल गेला, त्याच्या पावत्या दिवसभर कॉम्प्युटरमध्ये भरते. समोरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली, "बेन, धुलियासे फोन." मावशी होती. "सर गेले गं, सकाळी," म्हणाली.  मग मीटरचे लाल आकडे तेवढे पळत राहिले. मला रजा मिळून मी देवपूरला पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

मी जामनेर तालुक्यातली. आईच्या दुखण्यात आठवीतूनच शाळा सुटली, ती सुटलीच. विशीत मावशीकडे देवपूरला आले, ती काहीतरी हाताला काम शिकावं म्हणून. कोपऱ्यावर भामरे सरांचा टायपिंगचा क्लास होता. सर मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. पुढे क्लास काढला आणि शेवटी कुठूनतरी जुना कॉम्प्युटर आणून तो खोलीच्या मधोमध बसवला. पत्र्याची खोली, सात टाइपरायटर, आणि मधे फुलाफुलांच्या खोळीत ते मशीन. सरांनी नाव लिहून घेताना विचारलं, "दहावी?" मी "हो" म्हटलं. महिन्याभरानं परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली, शाळेचा दाखला मागितला, आणि मी जाणंच बंद केलं. चौथ्या दिवशी सर मावशीच्या दारात उभे. मी खाली मान घालून खरं सांगितलं. सर म्हणाले, "परीक्षेला कागद लागतो बाई. शिकायला कुठं लागतो? उद्या ये, आणि वेळेवर ये." माझा खोटेपणा त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

सरांची शिकवायची एक रीत होती. त्या दिवशी शिकलेला शब्द घरी जाऊन इंग्रजी न येणाऱ्या एका माणसाला समजावून सांगायचा, आणि त्या माणसानं जो प्रश्न विचारला तो दुसऱ्या दिवशी क्लासात आणायचा. प्रश्न आणला नाही तर त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. "त्यानं प्रश्न विचारला नाही म्हणजे तुम्ही त्याला काही सांगितलंच नाही," असं त्यांचं म्हणणं. कॉलेजची पोरं हसायची. एक जण तर म्हणाला, "सर, आमची म्हैस विचारत नाही काही." सर म्हणाले, "म्हशीला तुझ्यापेक्षा लवकर कळलं असेल."

माझी पंचाईत ही, की मावशी दिवसभर कामावर, काका सांगायला लागलं की घोरायचे. सांगणार कोणाला? क्लासच्या मागेच सरांचं घर. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना सांगायला लागले. अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या, बोलणं सगळं अहिराणी. सरांनी हार्डवेअर-सॉफ्टवेअर शिकवलं होतं असं, की तवा, परात, चूल हे हार्डवेअर. भाकरी कशी थापायची हे हाताला जे माहीत असतं ते सॉफ्टवेअर. तवा बाजारात मिळतो, हात मिळत नाही. मी हे अक्कांना सांगितलं. त्या थापत होत्याच. म्हणाल्या, "मंग त्या हातले शिकाडं कोनी?" दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न क्लासात ठेवला, त्या हाताला शिकवलं कोणी, आणि सर खुर्चीतून उठलेच. प्रोग्रॅम म्हणजे काय, तो लिहिणारा माणूस म्हणजे कोण, यावर दोन दिवस बोलले. मेमरीचं सांगताना सर म्हणायचे, डिस्क म्हणजे धान्याची कणगी, आणि मेमरी म्हणजे परात. लागेल तेवढं कणगीतून काढायचं, परातीत मळायचं. अक्कांनी विचारलं, "लाइट गई ते परातमधलं पीठ जास कोठे?" कॉम्प्युटर कॉम्प्युटरला तारेनं जोडतात ते नेटवर्क, सरांनी त्याला पांझरा नदीवरच्या पुलाची उपमा दिली, इकडे देवपूर, तिकडे धुळं. अक्का म्हणाल्या, "अरुंद पुलवर दोन गाड्या समोरासमोर उन्यात ते मांगे कोन सरकस?" दुसऱ्या दिवशी क्लासात हे ऐकून सर खूश झाले. "मागं कोणी सरकायचं, हाच खरा प्रश्न. तारेवरसुद्धा अशीच टक्कर होते. मग दोघंही थांबतात, थोडं मागं-पुढं करून पुन्हा निघतात. कोणी विचारलं हे?" मी म्हटलं, मावशीनं. अक्कांनीच आपलं नाव न घेण्याची ताकीद दिली होती. "मनं नाव सांगू नको. हसतीन माले."

मग एका हिवाळ्यात सरांचा आवाज बसला तो उठेना. घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन करायचं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सर तिथून आले ते थेट क्लासात. मला म्हणाले, "माझ्याकडं तीन महिने आवाज आहे. एकवीस धडे होतात. मी सांगतो, तू टाइप कर." कॉम्प्युटरची पुस्तकं तेव्हा सगळी इंग्रजीत, आमच्याकडची मुलं अर्थ न कळता पाठ करायची. सरांना मराठीत, बोलल्यासारखं, एक पुस्तक करायचं होतं. लिहून काढा म्हटलं तर ऐकेनात. "लिहायला बसलो की मी मास्तर होतो. सांगताना माणूस असतो." मी म्हटलं, सर, माझं शुद्धलेखन... तर म्हणाले, "ते मी बघीन. तुला कळणार नाही तिथं मला थांबव. तू थांबवशील तिथंच पुस्तक सुधारेल."

रोज दुपारी ते सांगायचे, मी टाइप करायची. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटी शेवटी मी खुर्ची त्यांच्या तोंडाजवळ नेऊन बसायची. अठरा धडे झाले आणि मुंबईची तारीख आली. त्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती. केलेलं काम फ्लॉपीवर ठेवायचं. फ्लॉपी म्हणजे वहीच्या पुठ्ठ्यासारख्या लवणाऱ्या काळ्या चौकोनी पाकिटातली चकती. प्रत्येक धड्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या फ्लॉप्यांवर. निघताना सरांनी दोन्ही संच माझ्याकडे दिले. कुजबुजत म्हणाले, "एक क्लासात, एक मावशीकडं. आणि उन्हापासून जप."

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिलाय त्याला मी काय सांगू? क्लासाचा पत्रा तापलेला, मावशीचाही पत्राच. हात लावावा ती वस्तू चटका देत होती. मला एकच भीती बसली, फ्लॉप्या वाकतील. आमच्या गावी उन्हाळ्यात विड्याची पानं, लोणी, काहीही टिकवायचं तर रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवतात. मी दोन्ही संच एकाच डब्यात भरले, डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, आणि क्लासातल्या रांजणाखाली वाळूत दाबला. रोज वाळूवर पाणी मारायची. जीव लावून मारायची... तीन आठवडे.

सर-अक्का परत यायच्या आदल्या दिवशी डबा उघडला. झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. फ्लॉप्यांच्या फटीतून आतली चकती दिसते, तिच्यावर पांढरे ठिपके धरले होते. पुसल्या, वाळवल्या, एकेक मशीनमध्ये घातली. नुसती घरघर, एकही वाचली जाईना. छत्तीसच्या छत्तीस.

दुसऱ्या दिवशी सरांना क्लासातच टाकलेल्या खाटेवर निजवून अक्का स्वयंपाकघरात आल्या आणि मला रडताना पाहिलं. "काय व्हयनं व?" मी सगळं सांगितलं.  अक्का म्हणाल्या, "आते रडीसन काय उपयोग? तोंड धू."

संध्याकाळी सरांनी खूण करून मशीन लावायला सांगितलं. गळ्याला पट्टी, अंगात उठून बसण्याचंही त्राण नाही. उशाशी एक पाटी ठेवली होती, तिच्यावर थरथरत एखादा शब्द लिहायचे. मी फ्लॉपी घातली. घरघर झाली. दुसरी घातली. सर माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून अक्का म्हणाल्या, "मीच सांगं व्हतं तिले जाताना, रांजणखाले ठेव म्हनीसन. माले वाटनं, थंड राही."

सरांनी पाटी ओढली. फार वेळ लागला एक शब्द लिहायला. मग ती पाटी माझ्याकडे नाही, अक्कांकडे वळवली. 'अडाणी.' अक्कांनी तो शब्द वाचला, ओठ हलवून, एकेक अक्षर लावून वाचला, आणि पदर सावरून चहा ठेवायला आत गेल्या. आणि मी... मी गप्प बसले.

मागून मी त्यांच्या पाया पडले तर म्हणाल्या, "माले रागे भरनात तरी मी कोठे जासू? तू मातर चालनी जाशी. मंग टाइप कोन करी?" त्यांनी हिशेब बरोबर केला होता. मला बोल लागला असता तर मी खरंच गाव गाठलं असतं.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. पण सरांना आता सांगता येत नव्हतं, लिहायला हात चालत नव्हता, आणि मला अर्धंमुर्धं आठवत होतं. धडे परत आले ते अक्कांमुळे. कोणत्या शब्दावर आपण काय विचारलं होतं, हे त्यांना क्रमानं पाठ होतं. सकाळी चुलीपाशी त्या एकेक प्रश्न सांगायच्या. प्रश्न सापडला की सरांचं उत्तर मला आठवायचं, ते मी टाइप करून दुपारी सरांना वाचून दाखवायची. सर खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटातल्या अंगठीनं ठोकायचे. एक ठोका बरोबर, दोन चूक. अकरा धडे असे झाले. त्या दिवसांत अक्का त्यांना नळीनं भरवायच्या, अंग पुसायच्या. सर करून घ्यायचे. पण अक्कांसाठी त्यांनी पाटी पुन्हा हातात घेतली नाही. माझ्यासमोर तरी नाही. पुलावरच्या गाड्यांचा प्रश्न परत आला तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पाटीवर लिहिलं, 'मावशीला नमस्कार.' अक्का पलीकडेच औषध खलत उभ्या होत्या. मी तेव्हाही गप्प.

मग सुरतेची नोकरी आली. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यानं बघून दिली होती, आठवडाभरात हजर व्हायचं होतं. मी सरांना विचारलं, जाऊ? एक ठोका. दिवाळीत येऊन उरलेले दहा पुरे करते, असं सांगून निघाले. दिवाळीच्या आधीच ते गेले.

दहाव्याला घरात माणसं बसली होती. सरांचे थोरले भाऊ, नाना, अक्कांकडे बोट करून चारचौघांत म्हणाले, "भावानं आवाज जाईपर्यंत सांगितलं, आणि हिनं पाण्यात घातलं." कोणीतरी च्-च् केलं. मी उठले. अक्कांनी माझा हात धरला आणि खाली ओढला. "बस." आणि मी बसले. 

नाना, तुम्ही ही पुरवणी दर रविवारी वाचता, म्हणून इथे लिहिते. तो डबा मी ठेवला होता. अक्कांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. दोन प्रती दोन घरी ठेवायला सरांनी मला सांगितलं होतं आणि मी त्या एकत्र ठेवल्या. त्या पाटीवरचा शब्द माझा आहे. आणि मावशीचे म्हणून मी क्लासात नेले ते सगळे प्रश्न तुमच्या भावजयीचे आहेत. सरांना हे कळायला हवं होतं. ते कळवायला माझ्याकडे पुष्कळ दिवस होते, आणि मला धीर झाला नाही.

अक्का, हे वाचून तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. रागावलात तरी मी कुठे जाणार? दहा धडे राहिलेत. त्यांतले सात सरांनी एकदा तरी सांगितले होते, शेवटचे तीन कोणीच ऐकलेले नाहीत. ते मला येत नाहीत, शिकावे लागतील. मी शिकते आहे, इथे, जेवणाच्या सुट्टीत, विचारून विचारून. रजा मिळेल तशी देवपूरला येईन. तुम्ही विचारा, मी सांगेन, आणि जिथे मला उत्तर येणार नाही तिथे दोघी अडून बसू. पुस्तक होईल तेव्हा सांगणाऱ्याचं नाव सरांचं असेल, विचारणाऱ्याचं तुमचं. पहिली प्रत तुमच्या हातात द्यायला मी स्वतः येईन, आणि नानांसमोर तुमच्याकडून मोठ्यानं वाचून घेईन, एकेक अक्षर लावून का होईना. किती वर्षं लागतील सांगता येत नाही, अक्का. पण एवढं मी फेडीन.