दोन गाड्यांमधल्या इनामदार बाई

इनामदार बाई रस्ता ओलांडायला उभ्या राहिल्या की सोबतच्या माणसाने आपलं आपण निघून जावं. मंडईसमोर मेथीची पिशवी घेऊन त्या कडेला थांबत आणि गेलेल्या प्रत्येक गाडीनंतर ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत. भाजीवाल्यांना वाटे, बाई दुवा मागताहेत. एखाद्या रिक्षावाल्याने आदराने रिक्षा थांबवलीच, तर त्याची धडगत नसे. "तुम्हाला थांबायला कोणी सांगितलं? सगळी मोजणी बिघडवलीत!"

बाई आम्हाला इंजिनिअरिंगला संख्याशास्त्र शिकवत. एक गाडी गेल्यावर दुसरी येईपर्यंत किती वेळ जातो, हा त्यांचा जन्माचा विषय. बुधवार पेठेत वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं, त्यामुळे स्टॉपवॉच घरचीच. या विषयात आहे काय, असं नातेवाईक विचारत आणि बाई त्यांना खरंच समजावून सांगत बसत. पुढे नातेवाइकांनी विचारणं सोडलं.

सरासरी या शब्दावर त्यांचा राग होता. "सरासरी रस्ता ओलांडत नाही, माणूस ओलांडतो," हे आम्ही दर आठवड्याला ऐकायचो. चढावर भरलेला ट्रक लागला की त्याच्यामागे गाड्यांची रांग लागते, ती गेली की रस्ता ओस पडतो. दोन्हींची सरासरी काढली तर कागदावर आरामशीर अंतर दिसतं. प्रत्यक्षात रांगेपुढे ताटकळलेला माणूस कंटाळतो आणि नको त्या फटीत घुसतो. बाईंना या कंटाळलेल्या माणसाची काळजी होती.

साताऱ्याच्या वाटेवर एका गावाची वस्ती हमरस्त्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे होती. तिथे एक मुलगी ट्रकखाली गेली. गावाने भुयारी मार्ग मागितला. रस्त्याच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, गाड्यांमधलं सरासरी अंतर पुरेसं आहे, गरज नाही. अंतर पुरेसं नसेल तर पुढच्या बैठकीपर्यंत दाखवून द्या, नाहीतर प्रकरण बंद. बाईंनी ते अंगावर घेतलं.

आम्ही विद्यार्थी पांढऱ्या टोप्या घालून, हातात पुठ्ठा आणि स्टॉपवॉच घेऊन रस्त्याकडेला उभे राहिलो. ऊन खाऊन आकडे जमवले, आलेख काढला आणि ऐटीत बाईंपुढे ठेवला. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हा रस्ता फार सभ्य आहे," त्या म्हणाल्या. "मला पटत नाही."

गाड्या एकमेकींना चिकटून गेल्याची नोंद आमच्या आलेखात जवळजवळ नव्हतीच. दुसऱ्या दिवशी बाई आमच्याबरोबर उभ्या न राहता चढावरच्या रसवंतीत जाऊन बसल्या आणि तिथून आम्हालाच न्याहाळू लागल्या. लांबून टोप्या दिसल्या की ट्रकवाले वेग कमी करत, समोरून येणाऱ्याला दिवे दाखवत. त्यांना आम्ही आरटीओची माणसं वाटत होतो! आमच्यासमोरून सगळे अंतर राखून शहाण्यासारखे जात होते.

बाईंनी सगळी मोजणी रद्द केली. बैठक तोंडावर आली होती. मी कळवळून म्हणालो, निदान हातात काहीतरी असू द्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं आपल्या सोयीचं असतं तरी टाकलं असतं. हे तर त्यांच्या सोयीचं आहे."

मग टोप्या पिशवीत गेल्या आणि आम्ही रसवंतीच्या बाकांवर गिऱ्हाईक होऊन बसलो. पुढे कित्येक वर्षं मला उसाचा रस बघवत नव्हता, पण खरा रस्ता कागदावर आला.

बैठकीत साहेब हसले. "पहिले आकडे जमले नाहीत, म्हणून दुसरे आणलेत वाटतं?"

"दोन्ही समोर ठेवलेत," बाई म्हणाल्या. "आता शाळा सुटायच्या वेळी आपण स्वतः या. सरकारी जीप मात्र घरी ठेवा."

साहेब स्कूटरवरून आले, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. शाळा सुटली. चढावर एक ट्रक धापा टाकत होता, मागे लांबलचक रांग. पोरं कडेला थांबली, थांबली, आणि मग त्यातली मोठी दोघं कंटाळून दोन गाड्यांच्या मधून पळाली. साहेब रसाचा ग्लास हातात घेऊन तसेच उठून उभे राहिले. पोरं पलीकडे पोचली. पुढे मंजुरी आली. मला त्या दिवशी बाईंचा फार अभिमान वाटला आणि तो आजही वाटतो.

भुयारी मार्ग व्हायला वर्षं गेली. तोवर बाई निवृत्त होऊन अंथरुणाला खिळल्या होत्या. मी धावत जाऊन बातमी सांगितली.

"मुलं खालून जातात का?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. "मग जा, बघून ये."

मी गेलो. मुलं खालूनच जात होती. आत आवाज घुमतो म्हणून ओरडत, एकमेकांना ढकलत चालली होती. परत येऊन सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "एका दिवसाने काय कळतं?"

त्याच महिन्यात बाई गेल्या.

शाळा सुटायच्या सुमारास मी अजून अधूनमधून तिकडे जातो. परवा खाली पाणी साचलं होतं आणि एक मुलगी दप्तर छातीशी धरून वरून पळताना दिसली. मी गाडी लांब नेऊन झाडाआड लावली, तिथून रस्ता नीट दिसेल असा बसलो आणि मोजायला सुरुवात केली.