मनकर्णाबाईचा उजवा हात

पेडगावात कुणाची मेंढी अडली की मनकर्णाबाईला बोलावणं जायचं. पदर खोचून, हाताला खोबरेल चोळून ती आत आडवं बसलेलं कोकरू सरळ करायची आणि अलगद बाहेर काढायची. बाई तोंडाची फटकळ, पण तिच्या हातावर सगळ्या गावाचा भरवसा.

नवरा रायभान सुईचा भक्त. एक मेंढी खोकली की सगळ्या कळपाला इंजेक्शन. "एकीला दिलं अन् बाकीच्यांला न्हाई, असं कसं? समदी आपलीच लेकरं!" म्हणून तो एकाच बाटलीत अख्खा कळप बसवायचा. पुरेसं औषध कुणालाच नाही, वाटणी मात्र चोख. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात, हे या शहाण्याला कोण सांगणार?

पौषात घरच्याच एका मेंढीच्या पोटात कोकरू मेलं. मनकर्णाबाईने ते काढलं. तिच्या बोटाला बाभळीच्या काट्याची जखम होती, तिकडे तिने लक्षच दिलं नाही. मग हात कोपरापर्यंत टरटरून सुजला. परभणीच्या दवाखान्यात औषधांवर औषधं झाली, तरी ताप हटेना.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मेंढ्यांना काय टोचता?" रायभानने मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवला.

"हे जंतू मेंढीकडूनच आले असणार. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांना लागू पडत नाहीत. आता एकच औषध उरलंय. त्यानेही उतार पडला नाही, तर हात कापावा लागेल."

"आमी तर बरं व्हावं म्हणूनच देत होतो, बाई," एवढंच रायभान पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

औषध लागू पडलं. हात वाचला, दोन बोटं मात्र वळेनाशी झाली. घरी आल्यावर मनकर्णाबाई मेंढीच्या वाऱ्यालाही उभी राहीना. आयुष्यभर ज्यांच्यात वावरली, त्यांचीच तिला भीती वाटू लागली.

फाल्गुनात घरचीच मेंढी अडली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, पण ते दुसऱ्या गावी होते. सून बबिता हाताला तेल चोळू लागली. तिच्या बोटांवर कालच्या खुरपणीचे ओरखडे होते. मनकर्णाबाईने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"हात घालू नगं!"

"आत्या, मरायलीय ती."

"मरू दे!"

मेंढी ओरडत होती. मनकर्णाबाईला रडू फुटलं होतं. ओरडणं थांबलं, तरी तिने सुनेचं मनगट सोडलं नाही.