आईसोबतचं अळणी जेवण

मंडळी, आज सकाळी सुरतच्या दवाखान्यात ह्यांचं डायलिसिस चालू होतं. शेजारच्या पेशंटच्या बायकोनं मला विचारलं, "काकू, घरी दोन वेगळे स्वयंपाक करता का?"

मला एकदम माझे वडील आठवले.

सत्तरच्या दशकात आम्ही इथेच, सुरतच्या उधना भागात राहायचो. वडील कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. आईच्या किडन्या निकामी होत आल्या होत्या आणि डायलिसिस आमच्या आवाक्यातलं नव्हतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तशी आई दोन घास खाऊन उठायला लागली.

एका संध्याकाळी वडील मला म्हणाले, "माले बी तिचीच भाजी वाढ."

आई रागावली. "दिवसभर मशीनवर उभं राहता. तुम्हाला कशाला ही शिक्षा?"

"शिक्षा कसली? तुला एकटीला जेवण जात नाही ना?"

त्या दिवशी आईनं अख्खी भाकरी खाल्ली. पुढे वर्षभर, ती जाईपर्यंत, दोघं एकाच ताटात जेवली.

मी त्या बाईंना खरं ते सांगितलं, "वडिलांसारखं मला जमत नाही. स्वयंपाक एकच, अळणी करते. मी वरून मीठ घेते, पण ह्यांच्या शेजारी बसूनच जेवते."

तुमच्याकडे आजारी माणसासोबत जेवायला कोण बसतं?